प्रस्तावना : ‘पोर लाभत नाही’ म्हणजे काय?

धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू. जुने सातबारे चाळा, नाहीतर शाळेची जुनी रजिस्टरं, ही नावं पानोपानी भेटतात. धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणून धोंडू, असे काही असतात. पण पुष्कळदा नावामागे दुसरीच गोष्ट असते. आधीची दोन-तीन पोरं गेलेली. मग नव्या पोराला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलून आणायचं, आईनं ते मूठभर धान्य देऊन विकत घ्यायचं आणि नाव ठेवायचं ते अगदी टाकाऊ. दगडावर, केरावर कोणाचा डोळा जाईल? मृत्यूसुद्धा नाक मुरडून पुढे जाईल, एवढीच त्यातली आशा. अशा धोंडूला हाक मारली की त्याच्याआधी गेलेल्यांचीही आठवण गावाला व्हायची.

ही पुस्तिका त्या आधी गेलेल्यांबद्दल आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या आशाताई, परिचारिका, गावातले डॉक्टर आणि ज्यांच्या घरी असं काही घडलं आहे असे आईबाप, यांच्यासाठी ती लिहिली आहे. नवव्या महिन्यात, भरल्या वजनानं, सुखरूप जन्मलेलं मूल आठवड्याच्या आत जातं. पुढचंही तसंच जातं. सरकारी कागदावर ‘जंतुसंसर्ग’ लागतो, घरात ‘झोपेत दूध अडकलं’ म्हणतात, आळीत ‘तिला पोर लाभत नाही’ म्हणतात. यांतल्या काही घरांत खरं कारण चौथंच असू शकतं : मुलाच्या शरीरातला जन्मजात चयापचयाचा दोष. एकेकटा पाहिला तर असा प्रत्येक दोष दुर्मीळ. पण असे शेकडो दोष आहेत, आणि सगळे मिळून ते दुर्मीळ राहत नाहीत. हैदराबादेत अठरा हजारांहून अधिक नवजात बालकांच्या तपासणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात साधारण हजारात एका बाळाला असा काही ना काही दोष असल्याचं आढळलं. सगळेच जीवघेणे नसतात. जे असतात, ते मात्र निदान व्हायच्या आत मूल घेऊन जातात.

चयापचयाचा दोष म्हणजे काय, हे खारेपाटातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. अलिबाग-पेणच्या खाजणात बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिचं दार बाहेर उघडतं, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला ते आपोआप मिटतं. एक उघाडी अडकली की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, भात कुजतं, आणि खालच्या अंगाला जे पाणी जायला हवं ते जात नाही. आपण खाल्लेलं दूध, भात, मासळी शरीरात अशाच शेकडो उघाड्यांमधून पुढे सरकत असते. या उघाड्या म्हणजे विकरं, एन्झाइमं. प्रत्येक विकर कसं घडवायचं, याची कृती एकेका जनुकात असते. कृतीत चूक असेल तर ती उघाडी मुळातच अडकलेली तयार होते. मग वर काहीतरी तुंबतं, कधी अमोनिया, कधी एखादं आम्ल, आणि ते मेंदूला बाधतं. खाली काहीतरी कमी पडतं, बहुतेकदा साखर, म्हणजे मेंदूचं इंधन.

मूल पोटात असताना हे कळत नाही, कारण तेव्हा साफसफाईचं काम आईची वार करत असते. नाळ कापली की बाळ स्वतःच्या उघाड्यांवर येतं. म्हणून अशा पुष्कळ दोषांत पहिला दिवस चांगला जातो. बाळ रडतं, ओढून दूध पितं, पेढे वाटले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओढ कमी होते. मग उलट्या, भराभर श्वास, अंग सैल, झटके, आणि शेवटी न उठणारी झोप. जंतुसंसर्गात नेमकं हेच दिसतं. डॉक्टर प्रतिजैविकं सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे, कारण दहा वेळा तसं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा जंतुसंसर्गच असतो. चूक तिथे होत नाही. मूल गेल्यावर जंतूंची तपासणी निर्दोष येते, तरी कागदावर ‘जंतुसंसर्ग’ तसाच राहतो. चूक तिथे होते.

दुसरा प्रकार जास्त फसवा. शरीरात साठलेली चरबी जाळून साखर सांभाळणारी उघाडी ज्यांची अडकलेली असते, अशी मुलं महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षं ठणठणीत असतात. मग एका रात्री ताप येतो, मूल जेवत नाही, ‘झोपलंय तर झोपू दे’ म्हणून कोणी उठवत नाही, आणि सकाळी ते उठत नाही. उपाशी रात्र हेच अशा मुलाचं विष.

या उपाशी रात्रीचा धडा देशाला बिहारमधल्या मुझफ्फरपूरनं दिला. तिथे लिचीच्या मोसमात लहान मुलं पहाटे झटके येऊन दगावत होती. वर्षानुवर्षं विषाणूचा शोध चालला होता. २०१४ सालच्या तपासणीतून, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, वेगळंच चित्र पुढे आलं. लिचीत असलेलं एक द्रव्य चरबी जाळणारी उघाडी बंद पाडतं. दिवसभर बागेत लिची खाऊन, रात्री न जेवता झोपलेल्या कुपोषित मुलाच्या रक्तातली साखर पहाटेपर्यंत धोक्याच्या पातळीखाली जाते. त्या मुलांत दोष जन्माचा नव्हता, फळानं तात्पुरता आणलेला होता. पण अडकलेली जागा तीच, आणि उपायही तोच निघाला : रात्री मुलाला जेवू घाला, झटका आलेल्या मुलाची साखर आधी मोजा, ग्लुकोज लगेच द्या. हे करायला महानगरातली प्रयोगशाळा लागत नाही.

जन्मजात चयापचय-दोषाचा हा विचार नवा नाही. १९०२ साली लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरनं हवेत राहिल्यावर लघवी काळी पडणाऱ्या रुग्णांची घराणी तपासली, तेव्हा त्याला दिसलं की यांच्यातल्या पुष्कळांचे आईबाप एकमेकांची सख्खी चुलत-मामे भावंडं आहेत. १९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉक्टरांमागून डॉक्टर करत होती. मुलांच्या अंगाला वेगळा वास येतो, एवढं ती सांगत राहिली. आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी तिचं ऐकलं, मुलांच्या लघवीत रसायन घातलं, ती हिरवी झाली, आणि फिनाइलकीटोनमेह हा आजार सापडला. पुढे साठच्या दशकात रॉबर्ट गथ्री या अमेरिकी शास्त्रज्ञानं शोषकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून हा आजार जन्मानंतर लगेच ओळखायची युक्ती काढली. आज त्याच कागदावरच्या एका ठिपक्यातून, मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्रानं, डझनावारी दोष एकाच वेळी तपासता येतात. शेजारच्या गोव्यानं २००८ साली राज्यभर नवजात तपासणी सुरू करून पाहिली.

नॉर्वेतल्या त्या आईच्या नाकाची गोष्ट आपल्याकडे मात्र जरा सांभाळून घ्यावी लागते. एका दोषात बाळाच्या लघवीला जळत्या साखरेसारखा, काकवीसारखा गोडूस वास येतो. परदेशी पुस्तकांत तो मेपलच्या पाकाचा म्हणून सांगितलेला असतो. हा वास ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य मेथीतही असतं. आता आपली बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढे आणा : शेगडीत ओवा-बाळंतशेपांची धुरी, डब्यात मेथीचे नाहीतर डिंकाचे लाडू. आईनं मेथी खाल्लेली म्हणून निरोगी बाळाच्या अंगाला तोच वास आला आणि डॉक्टर फसले, असं परदेशात घडून नोंदलं गेलं आहे. आपल्याकडे उलटं व्हायची भीती जास्त. बाळ खरोखर आजारी असेल आणि घर म्हणेल, ‘मेथीचा वास आहे हो, लाडू खाल्लेत ना तिनं.’ म्हणून वासावर थांबायचं नाही. वास आणि सुस्ती एकत्र दिसली, तर रक्त तपासायचं.

रायगडच्या किनाऱ्यावर हा विषय वेगळा का मांडायचा? याचं कारण इथल्या सोयरिकीत आहे. या शंभरेक किलोमीटरच्या पट्टीत सोनकोळी, आगरी, भंडारी, कातकरी, कोकणी मुसलमान, नवगावच्या किनाऱ्याशी आपली मूळकथा जोडणारे बेने इस्राएल, जंजिऱ्याचे सिद्दी, पोर्तुगीज वळणाची आपली बोली जपणारे कोर्लईचे ख्रिस्ती, असे कितीतरी समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले आणि लग्नं मात्र आपापल्यात करत आले. समाज छोटा, सोयरीक जवळची. त्यात ‘मामाची मुलगी’ तर आपल्या गाण्यांतही आहे. यांतल्या कोणत्याही समाजात अमुक आजार जास्त आहे, असं इथे म्हणायचं नाही. मुद्दा गणिताचा आहे, आणि हे गणित उच्च-नीच जाणत नाही. आपल्यातला प्रत्येक जण दोन-चार बिघडलेली जनुकं मुकाट वागवत असतो. जोडीचं दुसरं जनुक चांगलं असतं, म्हणून काही होत नाही. नवरा-बायकोच्या रक्ताचा उगम एकाच पूर्वजाकडे जात असेल, तर तेच बिघडलेलं जनुक दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. तसं असेल तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता उरते की बाळाला दोन्ही बाजूंनी बिघडलेलंच मिळेल. दर बाळंतपणात, हे लक्षात ठेवायचं. एक गेलं म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा हिशेब निसर्ग ठेवत नाही.

आपल्या भागानं जनुकशास्त्राला असा एक मोठा धडा आधीच दिलेला आहे. १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी जगाला माहीत नसलेला एक रक्तगट शोधला. त्याचं नावच ‘बॉम्बे’ पडलं. तोही दोन्ही बाजूंनी एकच दुर्मीळ जनुक आल्याशिवाय होत नाही. २०१७ साली हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे डॉ. के. थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांच्या गटांनी दक्षिण आशियातल्या २६३ समाजांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या ८१ समाजांचे मूळ पूर्वज इतके थोडे आणि सोयरीक इतकी आतली होती, की आनुवंशिक आजारांसाठी जगात नेहमी दाखला दिला जाणारे फिनलंडचे लोक आणि पूर्व युरोपातले ज्यूसुद्धा त्यांच्या मागे पडले. म्हणजे ही किनाऱ्यापुरती गोष्ट नाही, जातीत लग्न करणाऱ्या सगळ्यांची आहे.

या गणितातून एक न्यायही निघतो. पोर गेलं की बोल आईला लागतो. पांढऱ्या पायाची, कूस वाईट, दूध लागलं नाही, धरलं नीट नाही. वरच्या प्रकारच्या दोषात मात्र बापाचा वाटा बरोबर आईइतकाच असतो, मोजून अर्धा. काही दोष असेही आहेत, जे आईकडून मुलग्यांकडे जातात आणि त्यांत मुली बहुधा वाचतात, मुलगे जातात; हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिथेही आईनं केलेलं असं काहीच नसतं. तिला ते तिच्या जन्माबरोबर आलेलं असतं, डोळ्यांचा रंग यावा तसं. हा बोल कुठवर जाऊ शकतो, हे अमेरिकेतल्या मिसूरीत दिसलं. १९८९ साली तिथल्या एका आईचं तान्हं बाळ दगावलं. प्रयोगशाळेनं सांगितलं, बाळाच्या रक्तात गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते विष आहे. आईवर खुनाचा आरोप आला, पुढे जन्मठेप झाली. दरम्यान कोठडीत असताना तिला दुसरा मुलगा झाला, आणि त्याला मिथाइलमेलॉनिक आम्लाचा जन्मजात दोष निघाला. पहिल्या बाळाचं रक्त पुन्हा तपासलं. यंत्रानं ज्याला विष म्हटलं होतं, ते त्या बाळाच्या शरीरातच तुंबलेलं आम्ल होतं. १९९१ साली ती सुटली. आपल्याकडे आळीतला खटला कोर्टात जात नाही. त्यामुळे तिथे सुटकाही होत नाही.

अशा मृत्यूंपुढे मान न तुकवण्याची परंपरा याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत फेस येऊन दगावत होती. विंचू चावला, मूल गेलं, यापुढे कोणी विचारत नव्हतं. बावस्कर खाटेशेजारी रात्र-रात्र बसले. घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारं पाणी, सगळं तासातासानं लिहीत गेले. मारणारी गोष्ट हृदयावरचा ताण आहे, हे त्यातून त्यांना उमगलं, आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे स्वस्त औषध उपयोगी पडलं. शंभरातली पंचवीस-तीस मुलं जिथे दगावत, तिथे ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. ‘लॅन्सेट’नं हे काम छापलं. विंचवाचा आणि जनुकाचा काही संबंध नाही. संबंध आहे तो त्या वहीचा, जी मूल गेल्यावरही मिटली नाही.

आपल्या विषयात त्या वहीची जागा एका कागदाच्या तुकड्यानं घ्यायची आहे. जाडसर शोषकागद, त्यावर छापलेली चार-पाच वर्तुळं. बाळ दूध पिऊ लागून चोवीस तास झाले, की टाच कोमट कपड्यानं शेकायची, स्पिरिटनं पुसून वाळू द्यायची, आणि टाचेच्या कडेला, मधोमध नव्हे, सुई टोचायची. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा मोठा होऊ द्यायचा आणि कागद हलकेच टेकवायचा, वर्तुळ एकाच बाजूनं, एकाच थेंबानं भरेपर्यंत. टाच पिळायची नाही, थेंबावर थेंब ठेवायचा नाही. मग कागद आडवा, उन्हापासून दूर, तीन-चार तास वाळवायचा. किनाऱ्यावर जुलै महिन्यात हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड. त्या हवेत मीठसुद्धा पाझरतं. म्हणून वाळलेला कागद ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत घालायचा, वर बाळाचं वय तासांत लिहायचं. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेच्या लाँचा बंद असतात, वडखळला गाडी अडकते. पण अत्यवस्थ बाळ जितकं हलवता येत नाही, तितका हा कागद सहज हलतो. साध्या टपालानंही तो मुंबई गाठतो.

आणि बाळ हातचं जातंय असं दिसलं, तरी हा कागद भरायचा, किंबहुना तेव्हा तर भरायचाच. आपल्याकडे तान्ह्या मुलाचं दहन करत नाहीत, पुरतात. त्याच दिवशी, घाईनं, दगडाच्या खुणेशिवाय. शवविच्छेदनाचं नाव काढायची ती वेळ नसते. त्या घरात पुढे येणाऱ्या मुलासाठी मागे राहू शकतो तो एवढा ठिपकाच. तो नसेल, तर पुढच्या बाळंतपणात डॉक्टरला अंधारातच हात घालावा लागतो.

ठिपक्यातून निदान निघालं तर पुढे काय, हे पुस्तिकेत सविस्तर आहे. इथे प्रामाणिक राहून एवढंच सांगतो. काही दोषांत उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे : रोज बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी, किंवा ब-१२ ची इंजेक्शनं, किंवा मुलाला कधीच फार वेळ उपाशी न ठेवणं. एका दोषात आईचं दूधच थांबवावं लागतं. ‘आईचं दूध अमृत’ हे सांगत आपण गावं पालथी घातली, आणि एखाद्या बाळासाठी नेमकं तेच विष ठरतं, हे पचवायला सगळ्यात जड. काही दोषांत खास आहार लागतो, तो महाग आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात केईएमसारख्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत रुग्णामागे मदतीची तरतूद आहे. तिथपर्यंत पोचवण्याचं काम आपलं. आणि काही दोषांत आज उपाय नाही. तिथे निदानाचा उपयोग पुढच्या गर्भाची वेळेत तपासणी करता येण्यापुरता, आणि आईबापांना ‘आमचं काय चुकलं’ याचं उत्तर देण्यापुरता.

एक इशारा मात्र पुस्तिका वाचण्याआधीच द्यायला हवा. बहुतेक बालमृत्यू या दोषांमुळे होत नाहीत. ते अपुऱ्या दिवसांच्या जन्मानं होतात, न्यूमोनियानं, जन्मताना गुदमरल्यानं, जुलाबानं, आणि कातकरी वाडीवर तर भुकेनं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांच्या हातून नवजात मृत्यू किती खाली आणता येतात, हे १९९९ साली जगाला दाखवलं. तिथे जनुकं तपासली नव्हती, श्वास मोजले होते, बाळं उबेत ठेवली होती. तेव्हा उपाशी मुलाच्या मरणावर ‘आनुवंशिक असेल’ असा शिक्का कोणी मारला, तर तो या पुस्तिकेचा दुरुपयोग आहे. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते आणि ते कोणाला वाचता येत नाही, असं आपण मानत आलो. तिच्या जागी जनुक बसवून पुन्हा हात जोडायचे असतील, तर एवढा खटाटोप कशाला? जनुकातलं लिहिलेलं वाचता येतं, सगळा फरक तिथेच आहे. उलट साधे मृत्यू जसजसे टळतील, तसतसे हे न टळलेले उठून दिसतील. महाराष्ट्रात २०२० साली हजारी १६ अर्भकं दगावली. सोळात एकेकाला मोल येतं.

आता धोंडू-केरूंकडे परत येऊ. ही नावं आता कोणी ठेवत नाही, आणि चांगलंच आहे. पण त्या नावांबरोबर एक सावधगिरीही गेली. पूर्वी सुईणीला विचारावं लागत नव्हतं. घरात केरू आहे म्हटल्यावर ती समजून जायची. आजच्या आरवला, आद्याला हाक मारून काहीच कळत नाही. तरी ती खूण पुरती गेलेली नाही. गरोदर बाईच्या कार्डावर परिचारिका आजही एक ओळ लिहिते : जी ३, पी २, एल ०. तिसरं गरोदरपण, दोन बाळंतपणं, हयात मूल एकही नाही. रोज अशी पन्नास कार्डं भरताना ही ओळ लिहून हात पुढे सरकतो. तो तिथे थांबावा, पी आणि एल यांच्यातली वजाबाकी करावी, आणि पेन खाली ठेवून समोरच्या बाईला विचारावं : ‘ती दोन कितव्या दिवशी गेली गं? दूध पीत होती का?’